तेराव्याचं पान

रत्नागिरीत बाप्तिस्मा घेऊन तेरा दिवस झाले आणि धाकू बायकोला न्यायला गावी परतला. उपरण्यात तिच्यासाठी हिरव्या बांगड्या गुंडाळल्या होत्या. पाहतो तर घरच्या खळ्यात मांडव घातलेला आणि तेराव्याची पंगत बसलेली. “बापूस गेला!” म्हणत तो धावतच पुढं झाला. पण डोकं भादरलेला बाप ओटीवर बसला होता. त्यानं तोंड फिरवलं. म्हणजे आई? आई तर भाताचं टोपलं घेऊन वाढत होती. “मग गेला कोन?” त्यानं विचारलं. अख्ख्या पंगतीनं माना खाली घातल्या. एवढ्यात बायको दारात आली. कपाळ पुसलेलं, मनगटं उघडी. उपरणं सोडून त्यानं बांगड्या पुढं केल्या. “मी जिता हाय गो!” तिनं मांडवाबाहेर, फणसाखाली एक पान मांडलं, लांबूनच भात टाकला. “माज्या घोवाचं तेरावं हाय,” ती म्हणाली. “उपाशी जाव नका, पावनं.”