किल्ली पॅनेललाच होती

रेडिओ दुर्बिणीच्या डिशवर चढताना खालच्या पॅनेलची किल्ली काढून खिशात घालायची, असा नियम. किल्ली जागेवर असली म्हणजे वर कोणी नाही. पण फिटर आज वर पाना विसरला होता आणि मिनिटभराचं तर काम म्हणून किल्ली न काढताच परत चढला. पाना हाताला लागतो न लागतो तोच भोंगा वाजला आणि पायाखालची जाळी कलायला लागली.

तो बेंबीच्या देठापासून ओरडला. कंट्रोल रूम लांब होती, तिला खिडकीही नव्हती. पाना घरंगळत कडेवरून गेला आणि खाली आपटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

फिटरने एका हाताने लोखंडी खांबाला मिठी मारली. गेटवर जमा करायची रांग नको म्हणून आतल्या खिशात लपवलेला मोबाइल दुसऱ्या हाताने काढला, चालू केला. नेटवर्क नव्हतं. मोबाइलच्या लहरींचा दुर्बिणीला त्रास नको म्हणून आसपास टॉवरच ठेवला नव्हता, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने तो चालूच ठेवला, छातीशी घट्ट धरून. जाळीवरचे पाय सुटले.

एक हिसका बसला. डिश थांबली.

कंट्रोल रूममधून इंजिनिअर मॅडम तणतणत बाहेर आल्या. "कोणाचा मोबाइल चालू आहे? सगळं निरीक्षण नासवलंत, डिश थांबवावी लागली. ज्याचा असेल त्याची नोकरी आज गेलीच म्हणून समजा."

"माझा आहे, मॅडम," वरून लोंबकळत फिटर हुंदके देत म्हणाला. "माझाच आहे."