मागची फियाट

डेराबस्सीच्या अलीकडे पोलिसांचा नाका दिसला आणि सुरेखाने आरशात मागे बघितलं.

पुढे ट्रकांची रांग होती. गुरुनाथने बस थांबवली. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर त्याने ही जुनी मिनीबस घेतली होती आणि तिच्यात झोपायचे बाक, शेगडी, पाण्याची टाकी बसवली होती. मागे त्यांची फियाट जोडलेली. चंदीगडचं बिऱ्हाड आवरून दोघं कायमची साताऱ्याला निघाली होती.

फियाटमध्ये गाद्यांच्या ढिगाखाली जसलीन होती. शेजारच्या सरदारजींची धाकटी सून. तिचा नवरा बंदूकवाल्यांबरोबर गेला, आणि घरातल्या बायकांना पोलीस चौकशीची बोलावणी येऊ लागली. तिची जाऊ परत आली ती बोलेनाशीच झाली. आता जसलीनची पाळी होती. पहाटे सुरेखानेच तिला गाडीत दडवलं. गुरुनाथला न सांगता.

सांगणार तरी कसं? "त्यांच्या बायकांना सगळं पक्कं ठाऊक असतं," असं तो परवाच जेवताना म्हणाला होता.

"जोड बघून येतो," गुरुनाथ उठला.

"अहो, आत्ता कशाला? सकाळी बघितलात की."

"रस्ता बघितलास का कसा आहे?"

आरशात तो फियाटपाशी वाकलेला दिसला. बसपासून फियाटपर्यंत त्याने एक तार बसवली होती. चालता चालता जोड सुटलाच तर तार ताणून खीळ उपटली जायची आणि फियाटचे ब्रेक आपोआप लागायचे. मोकळी गाडी कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून. तो परत आला, फडक्याला हात पुसले.

नाक्यावर शिपायांनी बसमधला डबा न् डबा उघडून बघितला.

"पीछेवाली भी खोलो जी," फौजदार म्हणाला.

"साइड में लगाता हूँ. यहाँ रास्ता रुकेगा," गुरुनाथ म्हणाला.

बस हलली. अडथळ्याच्या तोंडाशीच हिसका बसला. जोड सुटला, तार ताणली, फियाटची चाकं करकचून जागच्या जागी थांबली. बस पुढे, फियाट रस्त्याच्या मधोमध.

सुरेखा धावत मागे गेली. मागून ट्रक भोंगे वाजवू लागले. शिपायांनी जोर लावला, पण गाडी तसूभर हलेना. फौजदार सारखा बाजूच्या शेतांकडे बघत होता. नाक्यावर अडकलेली गर्दी म्हणजे बंदूकवाल्यांना आयतं लक्ष्य.

"यार, हटाओ इसे! पहले हटाओ!"

गुरुनाथने खाली वाकून खीळ परत बसवली. ब्रेक सुटले. शिपायांनीच गाडी ढकलत अडथळ्यापलीकडे नेली, जोड लावायला मदत केली.

"जाओ जी, जाओ!" फौजदार ओरडला.

अंबाला मागे पडलं. मग निलगिरीच्या झाडांआड गुरुनाथने बस उभी केली. सुरेखाने पदर मुठीत घट्ट धरला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"नंतर सांग," तो म्हणाला. "जोड सैल करत होतो तेव्हा पोर आत रडत होती. आधी तिला बाहेर काढ."