उजवा स्पीकर

खोटं वाटेल तुम्हाला, पण भरदुपारची गोष्ट आहे. रेकॉर्ड केलेल्या मालिकेतलं बोलणं मला ऐकू येईना, म्हणून सूनबाई टीव्हीच्या रेकॉर्डरची आवाजाची सेटिंग बदलून बघत होती.

"आई, एकदा कान तपासून घ्या हो."

"आधी तुझं यंत्र तपास!"

तिनं नुसता डावा स्पीकर निवडला. मालिका स्वच्छ ऐकू आली. मग नुसता उजवा निवडला, तर त्यातून सूनबाईचंच रडणं यायला लागलं. "आई, उठा ना हो! डोळे उघडा!"

माझ्यासमोर सूनबाई रिमोट धरून उभी. तोंड घट्ट मिटलेलं.

मी घाबरून ओरडले, "अगं, जागीच आहे मी!"

स्पीकरमधलं रडणं थांबलं.

"अहो, ऐकलंत?" तिकडची सूनबाई म्हणाली. "टीव्हीतून आईंचा आवाज आला."