अडतिसावा निरोप

मल्हारच्या मेंदूलगत धमनीचं रक्त थेट शिरेत घुसत होतं. शीर कधीही फुटली असती. तो जोड बंद करण्याआधी डॉक्टर संगणकात घडवलेल्या मल्हारवर शस्त्रक्रिया करून बघत. आपण नक्कल आहोत हे त्याला कळलं, तर रक्तदाब चढून सगळं फुकट जायचं. म्हणून दर वेळी त्याच्या बायकोने, ऋतुजाने, पडद्यासमोर बसून त्याला खराखुरा निरोप द्यायचा आणि खऱ्या मल्हारला काही सांगायचं नाही; त्याला ठाऊक असलेलं नकलेलाही ठाऊक असायचं.

"कढीपत्त्याला पाणी घाल गं," प्रत्येक मल्हार म्हणायचा. पहिला गेला तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली. सदतिसावा गेला तेव्हा ती डबा उघडून पोळी खात होती.

"एकही वाचला नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आता थांबताही येणार नाही."

सकाळी खऱ्या मल्हारला स्ट्रेचरवर घेतलं.

"कढीपत्त्याला पाणी घाल गं."

"घालते."

त्याने तिच्या कोरड्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम सैलावला.

"सिनेमात कुत्रं मेलं तरी रडणारी तू! आज टिपूस नाही. म्हणजे मी वाचतोय."

ऋतुजाने मान डोलावली.

त्याला आत नेऊन दार मिटल्यावर आता तरी रडू येईल म्हणून ती उभी राहिली. मग बाकावर बसून तिने डबा उघडला.