माहेरच्या रजया

"अगं, घळीतल्या बर्फावरही राख टाकलीस?" ओदिनामोच्या हातातलं घमेलं गळून पडलं.

नेकबख्त अजून हसतच होती. दुशान्बे शहरातून लग्न होऊन पामीरच्या डोंगरातल्या या गावात आलेली ती नवी सून. पेरणी लवकर व्हावी म्हणून सासूने, ओदिनामोने, तिला शेतातल्या बर्फावर चुलीतली राख पसरायला लावली होती. राख तर गार! तरी आज बघते तर खालची माती डोकावतेय. "काळं असतं ते ऊन पितं, पांढरं परतवून लावतं," सासू म्हणाली होती. मग काय, उरलेली राख हिने हौसेने वरच्या घळीत नेऊन पसरली.

"पाणी लवकर मिळेल ना, आई?"

"आत्ता मिळून काय करू, डोकं धुऊ? दरसाल ऊन वाढतंय, हिमनदी पार वर सरकली. ऐन उन्हाळ्यात आपल्या जवाला पाणी पाजतो तो हा घळीतला बर्फच. तो आत्ताच वाहून गेला, तर कणसं करपली म्हणून समज!"

नेकबख्तचं तोंड एवढंसं झालं. दोघी खराटे घेऊन घळीत धावल्या. पण राखेच्या कणाकणाने आपापलं भोक पाडून आत बूड टेकलं होतं. झाडून निघेना. झाकावं म्हटलं, तर पेंढा गाईने हिवाळ्यातच संपवलेला.

"जा, घरातली कांबळी आण."

"कांबळ्याने उलट गरम नाही का व्हायचं?"

"कांबळं म्हणजे काय चूल आहे, वेडे? आतलं आत ठेवतं ते. तुझी ऊब राखतं, तसा याचा गारवा राखेल."

नेकबख्त पळत सुटली. आली ती कांबळ्यांवर माहेरच्या रजया रचूनच. तांबड्या मखमलीच्या, घडीही न मोडलेल्या. त्यातली एक तिने बर्फावर अंथरली, आणि पांढरं अस्तर वर करून घेतलं.

ओदिनामोचा जीव तुटला. "अगं, मखमल चिखलात! उद्या घरी पाहुणा आला तर काय घालशील त्याच्या अंगावर?"

नेकबख्तने दुसऱ्या रजईची घडी उलगडली.

"पाहुणाच आहे की हा, आई. चार दिवस जास्त राहिला तर बरंच."