परत न आलेला पान्हा

“चार वाजले का सर्व्हर बंद पडते. अन् मालक म्हणते, तुह्याच हातानं बिघडलं,” राजदीप म्हणाला.

पावर हाउस भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमधले कॉम्प्युटर तो सांभाळायचा. सगळे रिपोर्ट एकाच फाइल सर्व्हरवर, आणि तो रोज मेमरी संपून आडवा व्हायचा. सोमवारी राजदीपला काढणार होते.

“रडू नको. चूक ज्याची, त्याचं नाव तुह्या मालकासमोर वाचीन,” आम्रपाली म्हणाली.

ही थोरली बहीण घरातली हुशार, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तिनं सुचवलेला बदल जगभरच्या जाणकारांनी स्वीकारला होता. त्याची छापील प्रत वडिलांनी, टिकारामांनी, फ्रेम करून बैठकीत लावली. त्यावर छापलेला त्या बदलाचा बारा आकड्या-अक्षरांचा क्रमांक त्यांना कळत नसे, पण तोंडपाठ होता. पाहुण्याला चहाआधी तो ऐकावाच लागे.

लॅबचा सर्व्हरही त्याच कर्नेलवर चाले. रविवारी दुपारपर्यंत तिनं त्यातला फाइल वाटपाचा कोड पालथा घातला. आत येणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरला मेमरी मिळे, जाताना ती परत घेतली जाई. सगळं चोख.

टिकाराम शेजारी मटर सोलत होते. प्लांटच्या टूल रूममध्ये कामगारांना अवजारं देण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली.

“आमच्याकडं पितळी टोकन ठेवल्याबिगर पान्हा भेटे नाही,” ते म्हणाले. “तरी पान्हे गायब. काहून? सायबानं अर्ध्या शिफ्टमधून हाकललेला माणूस पान्हा घेऊन तसाच घरी जाये. तू हाकललेल्याईले पाहून राहिली का?”

आम्रपालीनं कोड पुन्हा वरून वाचला. ती फक्त आत आलेल्यांनाच पाहत होती. चुकीच्या पासवर्डमुळे हाकललेल्यांची मेमरी कोणी परत घेतच नव्हतं! आणि लॅबच्या काउंटरवरचा एक कॉम्प्युटर जुनाच पासवर्ड घेऊन सकाळपासून दार ठोठावत असे.

दुरुस्ती एका ओळीची. घरच्या मशीनवर तिनं पन्नास हजार चुकीचे पासवर्ड मारले. मेमरी तसूभर घटली नाही.

राजदीपनं तिला उचलून गरागरा फिरवलं. त्याची नोकरी आता वाचणार होती. “आता सांग, कोण आहे तो बेवकूफ?”

कर्नेलच्या जाणकारांकडे दुरुस्ती पाठवताना मूळ चूक कोणत्या बदलातून शिरली, त्याचा क्रमांक लिहावा लागतो. आम्रपालीनं तो शोधला आणि ऐटीत मोठ्यानं वाचू लागली, “नऊ, सी, चार…”

उरलेली नऊ अक्षरं टिकारामांनी मटर सोलता सोलता तोंडपाठ म्हटली.