तास संपेपर्यंत

"एकच वाक्य बोलायचंय तिला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "बोलायचं आणि विसरून जायचं. तुम्ही आई आहात, तुम्ही समजावा."

समोर खाकी गणवेशात बसलेली बाई शहराच्या बसवर ड्रायव्हर होती. निरोप मिळताच फेरी दुसऱ्याच्या गळ्यात घालून ती शाळेत आली होती. शेजारच्या खुर्चीत शिक्षण खात्याचे साहेब पायावर पाय टाकून बसले होते. त्या देशात बहाई धर्माच्या मुलांना शाळेत ठेवायचं नाही, असा वरून हुकूम होता. मात्र मुलीनं स्वतःच्या तोंडानं 'मी बहाई नाही, मी तुमच्यातलीच' असं म्हटलं, तर तिला शिकू देणार होते.

"नाही समजावता येणार, बाई," ड्रायव्हरबाई म्हणाली. "ती पंधराची झाली. आमच्यात या वयाला ज्यानं त्यानं आपलं आपण शोधून ठरवायचं असतं. तिनं काय ठरवलंय, ते मलाही अजून सांगितलेलं नाही."

"म्हणजे आईलाच पत्ता नाही," साहेब हसले.

"नाही."

ते खरंच होतं. पण मुलीला बोलवायला शिपाई गेला, तेव्हा आईच्या मनात आलं, म्हणून टाक गं बाई एकदाचं. थोरल्याचं कॉलेज याच पायी सुटलं होतं. नवरा याच पायी तुरुंगात होता. एक तरी लेकरू मार्गी लागू दे. असं वाटल्याची तिला लाज वाटली, पण वाटायचं काही थांबलं नाही.

मुलगी आली. आईकडे बघून थोडी चपापली, मग टेबलासमोर सरळ उभी राहिली.

"हे तुमचं बहाई म्हणजे आहे तरी काय?" साहेबांनी विचारलं.

"देव एकच आहे, साहेब. आणि माणसंही सगळी एकाच घरची."

"आणि बाकीचे धर्म? आमचा?"

मुलीनं मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. "बाई, पहिलीच्या बाई आणि दहावीच्या बाई एकमेकींच्या वैरी असतात का? शाळा एकच. मुलं मोठी होतात तसे पुढचे शिक्षक येतात. या काळासाठी बहाउल्ला आले, असं आम्ही मानतो. म्हणून आधीचे कुणी खोटे ठरत नाहीत."

"हे कुठल्या गुरूनं पढवलं?"

"आमच्यात गुरू, पुजारी कुणी नसतं. स्वतः वाचायचं, स्वतः विचार करायचा. मुलींनी तर आधी शिकायचं. आईला काही विचारलं की ती म्हणते, तुला काय वाटतं ते सांग."

मुख्याध्यापिकांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

साहेब पुढे वाकले. "म्हणजे आमचा धर्म खरा आहे म्हणतेस?"

"हो."

"मग झालं तर. मी त्यातलीच आहे, एवढं म्हण. तुझं काय बिघडतं?"

ड्रायव्हरबाईनं गुडघ्यावरची मूठ घट्ट आवळली.

"तुमचा धर्म खराच आहे, साहेब," मुलगी म्हणाली. "पण मी त्यातली आहे असं म्हटलं, तर मी खोटी होईन. मी बहाई आहे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "दप्तर आण तुझं," ते म्हणाले. "आणि निघ."

मुलगी गेली. बराच वेळ झाला तरी परत येईना, तेव्हा तिघंही वर्गाकडे गेली. गणिताचा तास चालू होता. मुलगी आपल्या बाकावर बसून फळ्यावरचं गणित उतरवून घेत होती.

"काय चाललंय हे?" साहेब दारातूनच कडाडले.

मुलगी उठून उभी राहिली. "तास संपला की जाते, साहेब. गणित अर्ध्यावर आहे."

गणिताच्या बाईंच्या हातातला खडू फळ्याला टेकून तसाच राहिला. मुख्याध्यापिकांनी ड्रायव्हरबाईच्या दंडाला हात लावला. "बाहेर बोलवा तिला," त्या कुजबुजल्या. "तुमचं ऐकेल ती."

ड्रायव्हरबाई आत गेली. बाकांच्या मधून अंग चोरत लेकीपाशी पोचली. लेकीची वही उघडीच होती.

"सरक जरा," आई म्हणाली.

चिमुकल्या बाकावर ती कशीबशी मावली. डोक्यावरची टोपी काढून तिनं मांडीवर ठेवली आणि फळ्याकडे पाहिलं.

"चालू द्या, बाई."